‘रक्तशर्करा’ नीट उमटतं का? धुता येणारे सपाट कीबोर्ड, लॅबमधल्या टेबलावरून

मिरजेतल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं टेक्निशियन आहे. नमुने घेणं, स्लाइड रंगवणं, मशीन चालवणं आणि संध्याकाळी रिपोर्ट टाइप करणं, सगळं दोन टेबलांवर चालतं. कीबोर्ड आणि रक्ताच्या नळ्यांचा स्टँड यांच्यात जेमतेम दोन हातांचं अंतर असतं.

मागच्या पावसाळ्यात काही बटणं अडकायला लागली म्हणून जुना कीबोर्ड पालथा घालून स्क्रू काढले. आतून कापसाचे तंतू निघाले, हातमोज्यांची पांढरी पावडर, बिस्किटाचा चुरा आणि एंटरच्या कडेला लेशमन स्टेनचा, म्हणजे रक्ताच्या स्लाइड रंगवायच्या रंगाचा, वाळलेला जांभळा ओघळ. टेबल आम्ही रोज पुसतो. कुठे रक्त सांडलं तर एक टक्का हायपोक्लोराइट हे जंतुनाशक ओतून दहा मिनिटं तसंच ठेवतो, मग पुसतो. आणि त्याच टेबलावर ही वस्तू वर्षानुवर्षं तशीच. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. तेव्हापासून वर्षभरात तीन वेगळे कीबोर्ड वापरून झाले. दोन लॅबसाठी विकत घेतले, एक ओळखीच्या दंतवैद्यांकडे बसून पाहिला.

पहिला गुंडाळता येणारा, मऊ सिलिकॉनचा, साडेसहाशे रुपयांचा. आमच्या मावशींना तो पहिल्याच दिवशी आवडला. “ताई, हा नळाखाली धरला तर चालतंय का?” म्हणाल्या, आणि धरलाही. धुण्यापुरतं त्याला पैकीच्या पैकी गुण. पण सिलिकॉनला धूळ आणि पावडर अशी चिकटते की दुपारपर्यंत तो पिठात लोळल्यासारखा दिसायचा. शिवाय बटणाच्या बरोबर मध्यावर, सरळ खाली दाबलं तरच अक्षर उमटतं. बोट जरा कडेला गेलं की बटण दबल्यासारखं वाटतं, पडद्यावर मात्र काहीच येत नाही.

डेंग्यूच्या दिवसांत एका पेशंटच्या प्लेटलेट १,५०,००० होत्या. माझ्याकडून १५,००० टाइप झालं. शेवटचं शून्य दाबलं होतं, ते उठलंच नव्हतं, आणि स्वल्पविराम सॉफ्टवेअर आपला आपण घालतं, त्यामुळे आकडा दिसायलाही व्यवस्थित होता. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम सही करण्याआधी स्लाइड पाहतात, आणि स्लाइडवर प्लेटलेट भरपूर होत्या, म्हणून ते तिथेच सापडलं. रिपोर्ट बाहेर गेला नाही. पण त्या घरातल्या माणसांनी १५,००० वाचलं असतं तर त्यांची रात्र कशी गेली असती, हा विचार मला बरेच दिवस सोडत नव्हता. तो कीबोर्ड मी दुसऱ्या दिवशी काढून ठेवला.

कारण समजून घ्यावंसं वाटलं. नेहमीच्या कीबोर्डमध्ये प्लास्टिकचे पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर वीज वाहणाऱ्या शाईच्या रेघा छापलेल्या, आणि मध्ये भोकं पाडलेला तिसरा. बटण दाबलं की भोकातून दोन रेघा टेकतात, एवढीच करामत. प्रत्येक बटणाखाली रबराची छोटी टोपी असते. ती एकदम खचते, बोटाला टुक असं जाणवतं आणि अक्षर पडल्याची खात्री पटते. बटण साधारण चार मिलिमीटर खाली जातं. सपाट कीबोर्ड करायचा म्हणजे या टोपीची उंची कापायची. घाण बसायच्या फटी त्यामुळे जातात, पण बोटाला मिळणारी पोचही जाते.

दंतवैद्यांकडचा कीबोर्ड या वाटेवर पार टोकाला गेलेला. गुळगुळीत काच, खाली अक्षरांचं चित्र, बटण म्हणून काही नाहीच. हातमोजे घालूनही चालतो. पुसण्याआधी एक खूण दाबून तो गप्प करता येतो, नाहीतर ओल्या फडक्यालाच तो बोट समजतो. स्वच्छतेच्या बाबतीत याच्यापुढे कोणी नाही. एका दुपारी त्यांच्या परवानगीनं मी त्यावर चाळीस मिनिटं टाइप केलं. पेशंटचं नाव, दाताचा नंबर, पुढची तारीख, एवढ्याला तो छान आहे. माझं काम मात्र कागदावरून आकडे वाचत टाइप करायचं आहे. डोळे कागदावर असतात आणि हात आपली जागा स्वतः शोधतात. काचेवर हाताला जागाच सापडत नाही. बोटं टेकवून क्षणभर विसावावं तर चार अक्षरं उमटतात, म्हणून मनगटं सतत अधांतरी. खांदे भरून आले.

ही अडचण आजची नाही. 1979 साली अटारी 400 हा घरगुती कॉम्प्युटर निघाला. लहान मुलं खाऊ-पाणी सांडणार हे धरून त्याला पुसता येईल असा सपाट कीबोर्ड दिला होता. बटण दबल्याचं बोटाला कळत नाही म्हणून आतल्या स्पीकरमधून टिक असा आवाज काढला, म्हणजे बोटाचं काम कानाकडे दिलं. 1981 च्या सिंक्लेअर झेडएक्स 81 वर आवाजही नव्हता. तिथे एका बटणात आज्ञेचा पूर्ण शब्द बसवला, म्हणजे मुळात दाबायचंच कमी. मला सगळ्यात जवळची वाटली ती फिंगरवर्क्स या कंपनीची हकीकत. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातले वेन वेस्टरमन यांचे हात टायपिंगनं दुखावले होते. त्यांनी आणि जॉन इलायस यांनी जोर न लावता नुसत्या स्पर्शावर चालणारा सपाट कीबोर्ड केला. 2005 मध्ये ॲपलनं ती कंपनी घेतली. तिथे सपाटपणा पुसण्यासाठी नव्हता, दुखऱ्या बोटांसाठी होता. आणि तसल्याच गुळगुळीत पाटीनं माझे खांदे भरून आले. हे लिहिताना मला वेस्टरमन यांच्याबद्दल आदरच वाटतो. एवढंच, की हात वेगळे असतात.

आता तिसरा. गेले सात महिने हाच वापरतेय आणि मुख्यतः त्याच्यासाठीच हे लिहायला घेतलं. किंमत ४,२०० रुपये. पाठीला कडक पाटी, वर सिलिकॉनची एकसंध कातडी, कुठेही फट नाही. बटणं मात्र पूर्ण सपाट नाहीत. प्रत्येक बटण कातडीतूनच दोनेक मिलिमीटर उचललेलं आहे आणि दोन बटणांमध्ये उथळ, गोलाईची दरी आहे, जिच्यातून फडकं अडखळत नाही. ज्यानं कुणी ती गोलाई ठरवली असेल, त्यानं स्वतः फडकं हातात घेऊन पाहिलं असणार.

नव्या कीबोर्डवर मी आधी ‘रक्तशर्करा’ टाइप करते. आरोग्य शिबिरांच्या सूचना मराठीत द्याव्या लागतात, त्या मी इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्ड-मांडणीत करते. इनस्क्रिप्टमध्ये हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण, डीच्या बटणावर आहे, आणि या एका शब्दात तो दोनदा लागतो. डी दगा देत असेल तर ‘रकतशरकरा’ उमटतं. ‘श’साठी शिफ्ट धरून एमचं बटण दाबावं लागतं, त्यामुळे दोन बोटं एकदम नीट ओळखली जातात का तेही कळतं. गुंडाळीच्या कीबोर्डवर दहापैकी चार वेळा शब्द बिघडला होता. यावर दहापैकी एकदा, आणि आठवड्याभरानं हात बसल्यावर एकदाही नाही. वेग जुन्या कीबोर्डपेक्षा कमीच आहे, तो मी स्वीकारला.

आता उणिवा. एफ आणि जेवरचे उंचवटे अगदीच पुसट आहेत. माझ्यासाठी ते ऱ्हस्व वेलांटी आणि ‘र’. तर्जनीला तिथे घर सापडलं नाही की पूर्ण ओळ सरकते. शेवटी फिशटँकला लावतात त्या पारदर्शक सिलिकॉनचा मोहरीएवढा थेंब दोन्हीवर ठेवला. चोवीस तास वाळू दिला, अजून पक्का आहे. आकड्यांच्या भागात पाचवर आणि दशांश चिन्हावरही ठेवला. हिमोग्लोबिन टाइप करताना मला सगळ्यात जास्त गरज त्या दशांश चिन्हाची असते. ही सोय मुळातच द्यायला हवी होती.

रंग मी पांढरा घेतला. लेशमनचा डाग त्यावर पडला तो गेला नाही, जाणारही नाही. तरी पुन्हा पांढराच घेईन, कारण काळ्यावर वाळलेलं रक्त दिसत नाही.

खोक्यावर आयपी ६८ लिहिलंय. सहा म्हणजे धूळ आत जात नाही, आठ म्हणजे पाण्यात बुडवला तरी चालतो. पण ती चाचणी साध्या पाण्याची असते. हायपोक्लोराइट किंवा स्पिरिट चालेल की नाही हे त्या आकड्यातून कळत नाही, ते माहितीपत्रकात वेगळं वाचावं लागतं. यूएसबीचं तोंड तर मुळीच पाण्यातलं नाही. त्याला रबरी टोपण दिलंय, ते लावूनच धुवायचं. पुसण्यासाठी वर कोपऱ्यात कुलपाचं बटण आहे, तीन सेकंद दाबलं की कीबोर्ड झोपतो. मशीन चालू असताना, अर्धवट रिपोर्ट उघडा असताना पुसता येतं. एवढ्या एका बटणामुळे आमच्याकडे कीबोर्ड दिवसातून चारदा पुसला जातो. कॉम्प्युटर बंद करावा लागला असता तर एकदाही पुसला गेला नसता.

इथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. 2006 साली अमेरिकेत विल्यम रुटाला आणि सहकाऱ्यांनी हॉस्पिटलमधल्या कीबोर्डवर प्रयोग केले. जंतुनाशकं तर चाललीच, पण नुसत्या निर्जंतुक पाण्यानं पुसूनही ९५ टक्क्यांहून जास्त जंतू गेले. तीनशे वेळा पुसूनही कीबोर्ड बिघडले नाहीत. म्हणजे साधा कीबोर्ड असला तरी पुसणं आजच सुरू करता येईल, हा विकत घेईपर्यंत थांबू नका. फटीतलं मात्र फडक्याला पोचत नाही, म्हणून माझा या सपाट कातडीवर जीव आहे.

मराठी अक्षरांची स्टिकरं यावर लावू नका. सिलिकॉनवर ती टिकत नाहीत आणि कडा सुटल्या की नवी फट तयार होते. सोबतच्या मुलीला मराठी टाइप करताना अक्षरं बघावी लागतात. तिच्यासाठी मांडणीचा तक्ता लॅमिनेट करून मॉनिटरखाली चिकटवलाय, तोही पुसता येतो.

बिलाच्या काउंटरवर साधाच कीबोर्ड ठेवलाय, तिथे दिवसभर नावं-पत्ते टाइप होतात आणि हातमोजे कुणी घालत नाही. नमुन्यांच्या दुसऱ्या टेबलासाठी हाच, पांढरा, आणखी एक मागवलाय. तो आला की आधी सिलिकॉनचे मोहरीएवढे चार थेंब आणि चोवीस तास थांबणं, मग मावशींच्या हवाली.