मिश्र आफ्रिकन सिक्लिडची पिशवी: दीड वर्षानंतरचं मत

माशांची टाकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच; म्हणजे साधारण 680 लिटर. पाणी तयार झाल्यावर ‘मिश्र आफ्रिकन’ म्हणून पिशवीत मिळणारी सिक्लिड माशांची वीस पिल्लं मी एकदम घेतली. बोटाच्या दोन पेरांएवढी, पिवळी, निळी, पट्ट्यापट्ट्यांची. एवढ्या मोठ्या टाकीत सगळी मावतील, याची मला खात्रीच होती.

पाच महिने छान गेले. मग पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेला एक मासा काळपट पडायला लागला. आजारी असेल म्हणून मी पाणी तपासलं, बदललं. खरं तर तो वयात येत होता. ऑराटस या जातीचा नर मोठा झाला की रंग उलटतो: अंग काळं, पट्टे फिकट निळे. केन्यी या दुसऱ्या जातीचं पिल्लू निळं असतं आणि वरचढ नर पिवळा होतो. पिशवीतल्या रंगांवर मी केलेली निवड सहा महिन्यांत निरुपयोगी ठरली.

ऑराटसने उजवा अर्धा भाग बळकावला, केन्यीने डावा. बाकीचे सगळे हीटरच्या मागे, पाण्याच्या वरच्या काठाशी. त्यांत एक पीकॉक होता. वाळूत हळूहळू खाणं शोधणारा हा मासा. सतत दबून राहिल्यामुळे त्याच्या अंगावर रंग कधी चढलाच नाही. शेपटीच्या चिंध्या झाल्या आणि एका सकाळी तो मेलेला दिसला. त्याची आठवण अजून त्रास देते.

पिल्लं निरोगी होती, रोगाने एकही गेलं नाही, हे पिशवीच्या बाजूने सांगायलाच हवं. पण नावं विचारली तेव्हा विक्रेता म्हणाला, “सगळे मलावीचेच, चालतात एकत्र.” मलावी हे आफ्रिकेतलं तळं. तळं एक असल्यामुळे पाणी जुळतं हे खरं: जड म्हणजे क्षारयुक्त, पीएच 8 च्या आसपास. वेगळ्या पाण्यातला ॲमेझॉनचा ऑस्कर मासा यांच्यात घालू नये तो याचसाठी, शिवाय तो फूटभर वाढतो. खाणं मात्र तळ्यावरून ठरत नाही. यातले बहुतेक मासे म्बुना, खडकावरचं शेवाळ खरवडणारे. त्यांना रोज मांसाहारी खाणं दिलं तर पोट फुगण्याचा धोका असतो. पीकॉकला वाळूतले बारीक जीव लागतात. स्वभावाचं तर विचारूच नका.

चार ऑराटस आणि पाच केन्यी मी फक्त तसेच तापट मासे पाळणाऱ्या एकाकडे दिले. तीन लाल झेब्राही दिले, कारण येलो लॅबशी त्यांचा सहज संकर होतो आणि मला पिल्लं शुद्ध हवी होती. उरले सात येलो लॅब. त्यांच्या जोडीला नावानिशी विचारून आठ एसेई आणि सहा रस्टी आणले. एसेई घोळक्याने मधल्या-वरच्या पाण्यात फिरतात, त्यामुळे दगडांवरून भांडण होत नाही. रस्टी मुळातच सौम्य, आणि जांभळट-तांबूस. आपल्यासारख्या दिसणाऱ्यावर नर आधी धावून जातो, म्हणून तीन जातींचे तीन वेगळे रंग.

नवे मासे सोडण्याआधी सगळे दगड बाहेर काढून नव्याने रचले. जुन्या हद्दी मोडल्या की जुने आणि नवे एकाच वेळी जागा शोधतात. हे आळस न करता कराच. दगड थेट तळावर टेकवून मग वाळू घाला. हे मासे खणतात आणि वाळूवर ठेवलेला दगड कलंडून काच फुटू शकते.

मिश्र पिशवीला पाचापैकी दोन तारे, तेही फक्त पिल्लांच्या तब्येतीसाठी. लॅब-एसेई-रस्टी या निवडीला पाच. सध्या एका लॅब मादीच्या तोंडात अंडी आहेत; या माशांत मादी ती तोंडातच उबवते. दहा दिवस झाले, ती काही खात नाही, डावीकडच्या चपट्या दगडाखाली गाल फुगवून बसलेली असते. एसेईंचा घोळका वरून जातो, पण तिला तिथून कोणी हुसकत नाही.