नांदत्या घराचं रंगकाम: मॅट की सॅटिन, फिका की गडद, एकदम की खोलीखोलीनं?

घराचं रंगकाम काढलं की सगळे आधी शेडकार्डावर तुटून पडतात. एकाला फिकट निळा हवा, दुसऱ्याला राखाडी, तिसऱ्याला ‘काहीतरी वेगळं’, आणि चर्चा तिथेच अडून राहते. पण ज्या घरात लहान मुलं आहेत, दिवसभर ये-जा आहे, दप्तरं भिंतीला घासतात आणि जिन्यात प्रत्येक जण भिंतीला हात टेकून चढतो, तिथे छटेचा नंबर दुसरा लागतो. आधी ठरवायचं ते हे: या भिंतीला कोण, किती वेळा हात लावणार, आणि डाग पडला तर तो पुसायचा की त्यावर पुन्हा रंग लावायचा? याचं उत्तर मिळालं की बरेच पर्याय आपोआप गळून पडतात.

मॅट की सॅटिन

मॅट म्हणजे सुकल्यावर चमक नसलेला रंग, सॅटिन म्हणजे हलकी चमक असलेला. मॅटमध्ये रंगद्रव्य आणि भरणीची पूड जास्त, त्यांना धरून ठेवणारं रेझिन कमी. त्यामुळे सुकल्यावर पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत राहतो आणि त्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो. भिंतीतले उंचवटे, पुट्टीचे जोड, बुजवलेल्या खिळ्यांच्या जागा, सगळं झाकलं जातं आणि छटा मऊ दिसते. तोटाही त्या खडबडीतपणाचाच. तेलकट बोटांचा डाग आत मुरतो, आणि तो काढायला ओल्या फडक्यानं जोर लावला की तेवढाच भाग घासून गुळगुळीत होतो. डाग जातो, पण त्या जागी चकाकणारा ठिपका राहतो.

सॅटिनमध्ये रेझिन जास्त, म्हणून वर घट्ट, बंद थर तयार होतो. डाग वरच्या वर राहतो आणि सौम्य साबणाच्या पाण्यानं निघतो. मात्र बाजूनं येणारा उजेड, म्हणजे खिडकीला लागून असलेल्या लांब भिंतीवरचा किंवा भिंतीवरच बसवलेल्या दिव्याचा, भिंतीतली प्रत्येक लाट उघडी पाडतो. भिंत सपाट नसेल तर सॅटिनच्या आधी पुट्टी आणि पॉलिशपेपर यांवर भरपूर वेळ द्यावा लागतो, त्याला पळवाट नाही.

खरा फरक दुरुस्तीच्या वेळी कळतो, आणि निवड करताना याचा विचार फार कमी लोक करतात. मॅटवर ओरखडा पडला तर उरलेल्या डब्यातला रंग टिपून लावला की तो बऱ्यापैकी मिसळून जातो. सॅटिनवर लावलेलं ठिगळ तिरप्या उजेडात लगेच ओळखू येतं, कारण छटा जुळली तरी चमक जुळत नाही. मग एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत पुन्हा रंगवावी लागते. म्हणजे हातांचे डाग पडणारी भिंत सॅटिनची आणि खिळे, टेप, चित्रं लावून सतत सोलली जाणारी भिंत मॅटची, असा हिशेब धरावा.

त्यानुसार माझी विभागणी अशी: छत कायम मॅट. मोठ्यांची झोपायची खोली मॅट. जिना, पॅसेज, जेवायच्या टेबलामागची भिंत सॅटिन. बैठकीची खोली आणि मुलांची खोली यांसाठी धुता येणारा मॅट, ज्यात घासणं सोसेल असं दर्जेदार रेझिन असतं. तो नेहमीच्या मॅटपेक्षा महाग पडतो, पण या दोन खोल्यांत तो पैसा वाया जात नाही. सगळीकडे एकच प्रकार घ्या, असं कुणी सुचवलं तर मात्र मी ठामपणे नको म्हणेन.

पॅसेजसाठी आणखी एक पर्याय मला मनापासून आवडतो, तो म्हणजे भिंत दोन भागांत रंगवण्याचा. जमिनीपासून साधारण १ मीटर उंचीपर्यंत मध्यम छटेचा सॅटिन, वर फिका मॅट. लहान मुलांचे हात, दप्तरं, सायकलचं हँडल, सगळं त्या खालच्या पट्ट्यातच लागतं. तीन-चार वर्षांनी फक्त खालचा भाग रंगवला तरी जागा नवी दिसते.

दारं आणि चौकटी यांचं गणित वेगळं. तेलावर आधारित इनॅमल कडक, चकचकीत होतो, पण वास बरेच दिवस रेंगाळतो आणि पांढरा असेल तर कालांतरानं पिवळट पडतो, कमी उजेडात तर जास्तच. पाण्यावर आधारित इनॅमल लवकर सुकतो, पांढरा राहतो, वास कमी. माणसं राहत असलेल्या घरात दुसराच घ्यावा. मात्र जुन्या तेलरंगावर तो थेट लावला तर पोपडे सुटतात. आधी घासून चमक घालवायची, मग प्राइमरचा हात, मगच रंग. घर फार जुनं असेल तर खालच्या थरांत शिसं असू शकतं. ते कोरडं घासू नये, आधी तपासून घ्यावं. लहान मुलांच्या घरात तर हे टाळूच नये.

फिका, मधला की गडद

पांढरा स्वच्छ दिसतो असं म्हणतात, पण तो स्वच्छ ठेवावा लागतो. स्विचभोवतीचा काळपट डाग त्यावर सगळ्यात आधी दिसतो. गडद निळा किंवा कोळशासारखा राखाडी उलट बाजूनं छळतो. त्यावर धूळ दिसते आणि नख किंवा खुर्चीची पाठ घासली की पांढुरकी रेघ उमटते. शिवाय गडद छटांच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगात, झाकण्याची ताकद देणारा टायटॅनियम डायऑक्साइड कमी असतो, त्यामुळे दोन हातांत काम भागेलच असं नाही. भडक लाल आणि पिवळ्याला तर अनेकदा तिसरा हात लागतोच. वापरातले डाग सगळ्यात चांगले लपवतात त्या मधल्या, थोडा राखाडी मिसळलेल्या छटा: मातकट, वाळूसारख्या, धुरकट हिरव्या.

छटा किती प्रकाश परत फेकते याचा आकडा बऱ्याच कंपन्या देतात, ० म्हणजे पूर्ण काळा आणि १०० म्हणजे पूर्ण पांढरा. ५० ते ७० मधली छटा बहुतेक खोल्यांना झेपते. अंधाऱ्या खोलीला पांढरा लावला की ती उजळते, ही समजूत मात्र पुरती खरी नाही. परत फेकायला मुळात प्रकाशच कमी असेल तर पांढरा मळकट राखाडी वाटतो. तिथे किंचित पिवळसर किंवा गुलाबी झाक असलेली फिकी छटा बरी. खोली दिवसा क्वचितच वापरली जात असेल तर सरळ गडद छटा घेऊन दिव्यांवर खर्च करावा.

दिव्यांचंही तेच. २७०० केल्व्हिनच्या पिवळसर दिव्याखाली राखाडी भिंत उबदार वाटते, ६५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या दिव्याखाली तीच निळसर, थंड. म्हणून बल्ब आधी ठरवा, मग रंग. बाहेरचं झाड भिंतीवर हिरवी झाक टाकतं, लालसर फरशी गुलाबी. हे शेडकार्डावर कधीच दिसत नाही.

नमुना भिंतीवर लावण्यापेक्षा मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात लावून, चारी बाजूंना पांढरी कड सोडून बघावा. भिंतीवर लावला तर शेजारच्या जुन्या रंगामुळे डोळा फसतो, आणि पुठ्ठा खिडकीजवळ, कोपऱ्यात, सोफ्यामागे हवा तिथे धरता येतो. पूर्ण सुकल्यावरच ठरवा, कारण इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यावर आधारित रंग, सुकल्यावर बहुधा थोडा गडद होतो. सकाळी एकदा आणि रात्री दिवे लावून एकदा बघा. चारी भिंतींना लागला की रंग एकमेकांवर परावर्तित होऊन आणखी दाट वाटतो, पिवळ्याच्या बाबतीत तर फारच. दोन छटांत अडकलात तर फिकी घ्या.

पडदे आणि सोफ्याचं कापड यांआधी रंग ठरवणं उलटं काम आहे. रंग हजारो छटांत मिसळून मिळतो, आवडलेलं कापड चार-सहा रंगांतच मिळतं. कापड हातात घेऊन रंग शोधावा.

घरभर एक रंग की खोलीला वेगळा

घरभर एकच फिकी छटा घेतली तर खोल्या सलग आणि मोठ्या वाटतात, आणि दुरुस्तीसाठी एकच डबा जपावा लागतो. वेगळे रंग घेतले तर प्रत्येकाला आपली खोली आपली वाटते. भरल्या घरात या भावनेला मोल आहे. सामाईक जागा एका छटेत, खोल्या ज्याच्या त्याच्या आवडीच्या, हे मला पटतं. मुलांना निवडू द्यावं, पण एका भिंतीपुरतं. आवड बदलली तर ती भिंत एका सुट्टीत पुन्हा रंगवता येते. वॉलपेपरचा मोह झाला तर तो मोठ्यांच्या खोलीतच ठेवा, लहान मुलं त्याची सुटलेली कड सोलल्याशिवाय राहत नाहीत. आणि ओल असलेल्या भिंतीवर रंग काय, वॉलपेपर काय, काहीच टिकत नाही. आधी पाणी कुठून येतं ते शोधा.

एकदम की खोलीखोलीनं

सगळं एकदम केलं तर धूळ एकदाच, रंगारी एकदाच, काम लवकर उरकतं. पण त्यासाठी घर रिकामं हवं. चार माणसं तिथेच झोपणार, जेवणार, अभ्यास करणार असतील तर खोलीखोलीनंच करा. फक्त सगळे निर्णय आधी एकत्र घ्या, नाहीतर तिसऱ्या खोलीपर्यंत पहिलीशी मेळ सुटतो. सर्वांत कमी सामानाची खोली आधी रंगवा आणि सुकली की पुढच्या खोलीचं सामान तिच्या मधोमध रचा. पॅसेज आणि जिना शेवटी, कारण काम चालू असेपर्यंत कपाटं आणि पलंग तिथूनच ओढले जाणार.

रंगाचा अंदाज सोपा आहे. ४ × ३ मीटरची, २.८ मीटर उंच खोली म्हणजे भिंती सुमारे ३९ चौरस मीटर, दार-खिडकी वजा जाता ३५. दोन हात म्हणजे ७०. लिटरला एका हाताला १० चौरस मीटर धरले तर ७ लिटर. एकाच छटेचे सगळे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्या, म्हणजे डब्याडब्यातला बारीक फरक भिंतीच्या मधोमध उमटत नाही. उरलेला रंग काचेच्या लहान बरणीत काठोकाठ भरून, छटेचा कोड, चमकेचा प्रकार आणि खोलीचं नाव लिहून ठेवा. हाताला दोन तासांत सुकलेला वाटला तरी थर पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर सॅटिनसुद्धा ओल्या फडक्यानं घासू नका, आणि फर्निचर भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा.