क्रूझच्या आदल्या रात्री फोर्टातील जुन्या हॉटेलात

नागपूरहून विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून त्याच दिवशी मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून क्रूझवर चढण्याचे धाडस आम्ही केले नाही. गाडीला उशीर झाला तरी जहाज थांबत नाही, म्हणून एक दिवस आधीच पोहोचून फोर्टातील एका जुन्या दगडी हॉटेलात मुक्काम केला. २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेले छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस तेथून चालत गाठता येते, आणि वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी आखलेल्या बॅलार्ड इस्टेटमधील एकसारख्या उंचीच्या इमारतींमधून धक्क्याकडे जाणारा रस्ता तर सकाळी मुद्दाम फिरावा असा आहे. हॉटेलाचे उंच छत, सागवानी जिना आणि रुंद खिडक्या पाहून नागपूरच्या महाल भागातील आमचा वाडा आठवला (वाड्यात राहण्याचे एवढे पैसे मात्र कोणी मोजले नसते). लिफ्ट नसल्यामुळे बॅगा तिसऱ्या मजल्यावर चढवताना दम लागला आणि गरम पाणीही उशिरा आले. नाश्त्याचे पोहे तर्रीची सवय असलेल्या जिभेला फिकेच वाटले. खोली दहाला सोडावी लागली, तरी जहाजावर चढण्याची वेळ होईपर्यंत त्यांनी सामान विनामूल्य सांभाळले.