तुरीला जिवाणूंची बाटली : सात महिन्यांनंतर

दुकानदारानं दुसरी बाटली बदलून दिली नाही, म्हणून लिहायला बसलोय.

पहिली जूनमध्ये घेतली. स्यूडोमोनास नावाचे जिवाणू, एसीसी डिअमिनेजवाले, म्हणजे एसीसी हा पदार्थ तोडणारं विकर असलेले. सहा ओळींच्या तुरीच्या बियाण्याला चोळलं, बाकीचं बी तसंच पेरलं. आमचं रान मोहोळ तालुक्यात, सीना नदीकाठी. काळं आणि खोल, दोन पाऊस लागोपाठ झाले की चिबडतं. मुळांना हवा मिळेना झाली की त्यांच्यात एसीसी साठतं, वर पानांत जाऊन त्याचा इथिलीन नावाचा वायू होतो आणि झाड पिवळं पडून मान टाकतं. हे जिवाणू मुळाशी बसून ते एसीसीच खातात. ऑगस्टपर्यंत मला कुठल्याच ओळीत काडीचा फरक दिसला नाही. पैसे पाण्यात गेले, असं घरात बोलूनही झालं.

सप्टेंबर 2025 च्या पावसात वरच्या वावरात दोन दिवस पाणी तुंबलं. वाफसा यायच्या आत बिनजिवाणूच्या ओळींचे शेंडे लोंबले. त्या सहा ओळींची खालची पानं पिवळी पडली, पण शेंडे हिरवेच. चार दिवस रोज बांधावर जाऊन बघत होतो, तेव्हा कुठं विश्वास बसला. खालच्या तुकड्यात मात्र सीनेचं पाणी शिरलं ते पाचव्या दिवशी उतरलं. तिथं सगळीच तूर कुजली. तुंबलेल्या पाण्यात ही बाटली हात देते, पुरात नाही.

मग उरलेल्या तुरीला आळवणी करायला, म्हणजे पाण्यात मिसळून मुळाशी ओतायला, दुसरी बाटली आणली. ती दुकानाच्या दारात, पत्र्याला टेकून उन्हात ठेवलेली होती. आतली द्या म्हटलं तर, "औषधाला उन्हानं काय होतंय?" अहो, ते औषध नाही, त्यात जीव आहे! लेबलवर मिलीलिटरला 10 कोटी जिवाणू लिहिलेत, पण तापलेल्या बाटलीत जिवंत किती उरले? घरी आणली तर झाकण फुगलेलं, सडका वास. परत न्यायला गेलो तर म्हणे सील फुटलंय. मुदत संपायला पाच महिने बाकी होते. घामाचे पैसे आहेत, तरी तसली बाटली रानात ओतवली नाही.

येत्या जूनला पुन्हा घेणार, सगळ्या तुरीला. पण सावलीत ठेवणाऱ्या दुकानातून, सकाळी जाऊन, ओल्या गोणपाटात गुंडाळून आणणार. आधी बुरशीनाशक चोळायचं, बी सुकू द्यायचं, जिवाणू सगळ्यात शेवटी. आणि त्याच्याही आधी वरच्या वावराला चर काढणार.