जुन्या बोटीच्या डिझेल टाकीसाठी चिरलेल्या रिंगची अॅक्सेस प्लेट

डेकखाली बसवलेल्या जुन्या टाकीला बहुतेक वेळा हात घालायला तोंडच ठेवलेलं नसतं. भरायची नळी, हवेची नळी, इंजिनकडे जाणारी नळी आणि लेव्हलचा सेंडर, संपलं. गाळ काढायचा तर कुठून? त्यासाठी बाजारात टाकीवर भोक पाडून बसवायची झाकणं मिळतात. त्यांतला चिरलेल्या रिंगचा प्रकार घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र तो घेण्याआधी टाकी आतून घाण आहे की बुडातून गळते आहे, हे ठरवा. घाण असेल तर ही प्लेट उत्तम. बुडातून गळत असेल तर तिचा उपयोग फक्त गळती किती वाईट आहे ते बघण्यापुरता.

रचना साधी आहे. आत जाणारी रिंग एका जागी चिरलेली असते. ती स्क्रूसारखी फिरवत त्याच भोकातून आत सोडायची, तिच्यावरचे स्टड (बिनडोक्याचे बोल्ट) पत्र्यात पाडलेल्या बारीक भोकांतून वर ओढायचे, वर पॅकिंग, त्यावर झाकण आणि नट. स्वस्तातल्या झाकणांना रिंग नसते, स्क्रू थेट टाकीच्या पत्र्यात आवळतात. पत्रा २ ते ३ मिमीचा आणि ६ मिमी स्क्रूच्या आट्यांचं अंतर १ मिमी, म्हणजे धरायला जेमतेम दोन-तीन आटे. बोटीच्या हादऱ्यात ते सैल होतात, आणि दुसऱ्यांदा उघडताना एखादा फिरतच राहतो.

मापात कंजुषी करू नका. १०० मिमीच्या भोकातून फक्त नळी जाते. १५० मिमीतून कोपरापर्यंत हात जातो, पण हात आत असताना काही दिसत नाही. जागा असेल तर २०० मिमी घ्या. आणि एक प्लेट पुरेल असं गृहीत धरू नका. टाकीत डिझेल हिंदकळू नये म्हणून आडवे पडदे असतात, प्रत्येक कप्प्याला वेगळी प्लेट लागते. पडदे कुठे आहेत ते वरून लाकडी हातोडीने ठोकत गेलं की कळतं: मधे पोकळ घुमतं, पडद्यावर आवाज बसका येतो. वेल्डच्या खुणाही पत्र्यावर दिसतात. पडद्याच्या बरोबर वर भोक पडलं तर रिंग आत बसतच नाही.

आता भोक पाडण्याचं. परदेशी मार्गदर्शनात डिझेलची टाकी साध्या ड्रिलने कापायला फारसा धोका नाही असं वाचायला मिळतं, कारण तिकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेण्याइतकी होते तो बिंदू, ५० अंशांच्या वर असतो. आपल्या पंपावरच्या डिझेलसाठी भारतीय मानकातली किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे. मे महिन्यात कोकणात दुपारी डेकखालची जागा त्याच्या वर सहज जाते, म्हणजे टाकीत पेट घेणारी वाफ असू शकते. म्हणून काम पहाटे, टाकी पूर्ण उपसून, आत ताजी हवा ढकलून करा. हवेचा पंखा बाहेर ठेवा, त्याच्या मोटरमधून टाकीतली वाफ ओढू नका. पेट घेणारी वाफ मोजणाऱ्या गॅस मीटरने खात्री करता येत नसेल तर विजेचं हत्यार वापरू नका, हवेवरचं ड्रिल आणि हाताने चालणारा पत्रा कातरणारा निबलर चालतो. ग्राइंडर तर आणूच नये. होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) सावकाश फिरवा आणि दातांना भरपूर ग्रीस लावा, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. पेट्रोलच्या टाकीला हा उद्योग जागेवर करूच नये. ती बाहेर काढून गॅसमुक्त केल्याशिवाय कापत नाहीत.

पॅकिंगवर सगळं अवलंबून आहे. ते नायट्राइल रबराचं हवं. ईपीडीएम किंवा साधं रबर डिझेलमध्ये फुगतं. किटमधल्या पॅकिंगवर काही छापलेलं नसेल तर एक तुकडा दोन दिवस डिझेलमध्ये बुडवून जाडी मोजा. साधं सिलिकॉन लावू नका, डिझेलने ते मऊ होऊन सुटतं आणि त्याचे तुकडे फिल्टरपर्यंत जातात. बहुतेक किटमधली एक उणीव म्हणजे नटाखाली साधे वॉशर येतात. टाकी भरलेली असताना बोट डोलली की डिझेल स्टडच्या आट्यांवरून वर चढतं. तिथे आत नायट्राइल असलेले सीलिंग वॉशर टाका. नट समोरासमोर, तीन फेऱ्यांत आवळा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. अॅल्युमिनियमच्या टाकीला अॅल्युमिनियमचीच प्लेट घ्या, पितळ त्याच्याजवळ नको.

उघडल्यावर तळाशी काळा, बुळबुळीत थर दिसतो. डिझेल आणि पाणी जिथे मिळतात तिथे वाढणारे हे जंतू आणि बुरशी. त्यांच्या आम्लाने पत्र्याला खड्डे पडतात. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, हातपंपाने ओढा, स्वच्छ डिझेलने धुवा. गॅरेजमधलं कॉटन वेस्ट आत नेऊ नका, त्याचे धागे ओढनळीच्या तोंडाशी अडकतात. मग टॉर्च तिरपी धरून तळ बघा: सपाट गंज चालेल, पण सुईचं टोक रुतेल असा खड्डा दिसला तर त्या टाकीचा भरवसा धरू नका. पाणी आलं कुठून हेही शोधा. बहुतेकदा डेकवरच्या भरायच्या झाकणाची ओ-रिंग कडक झालेली असते आणि पावसाळ्यात बोटीवर घातलेल्या शाकारणीत फट राहिली की पावसाचं पाणी तिथून उतरतं.

बुडाच्या गळतीवर आतून इपॉक्सी फासायचा सल्ला सर्रास दिला जातो. डिझेल मुरलेल्या, गंजलेल्या पत्र्यावर ते धरत नाही. बाहेरून लावलेली पुट्टी बंदरात परत येण्यापुरती. शिवाय टाकी ओल्या प्लायवर किंवा फोमवर टेकलेली असते तिथे ती बाहेरून कुजते, आणि ते प्लेटमधून दिसतच नाही. अशा टाकीसाठी डेक कापून ती काढावीच लागते. इंजिन न उचलता जातील अशा दोन छोट्या टाक्या बसवणं त्यात परवडतं. त्या कडक प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर उचलून ठेवा, म्हणजे खाली पाणी साठणार नाही.

डेकमध्ये प्लेटच्या वर जे गोल झाकण बसवाल, त्याच्या भोकात दिसणारा प्लाय १० मिमी मागे कोरून इपॉक्सीने भरा, नाहीतर डेक तिथून सडेल.

शेवटी दाब. अमेरिकेत बोटीच्या इंधन टाकीची चाचणी ३ पीएसआयला घेतात, म्हणजे सुमारे २.१ मीटर पाण्याच्या उंचीइतका दाब. ६०० बाय ९०० मिमीच्या माथ्यावर एवढ्याने एक टनाहून जास्त भार येतो. त्यामुळे जुन्या टाकीला कंप्रेसर थेट जोडू नका. पॅकिंग तपासायला टाकीला जोडलेल्या पारदर्शक यू-नळीत १ मीटर पाण्याचा फरक पुरतो. बाकीची तोंडं बंद करून हळू हवा भरा, नटांभोवती साबणाचं पाणी लावा आणि अर्धा तास पातळी उतरते का ते बघा.