रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली मिलिंग मशीन

आमच्या दिग्रस भागात सोयाबीनचा हंगाम आला की थ्रेशरचे शाफ्ट बदलायला लोक दारात उभे राहतात. माझ्याकडे लेथ आहे, पण शाफ्टला की-वे (चावी बसवायची खाच) पाडायचा म्हटलं की यवतमाळची चक्कर. म्हणून जुनी मिलिंग मशीन घ्यायचं डोक्यात बसलं आणि नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडून १,८५,००० रुपयांना घेतली. हायड्रा क्रेन आणि गाडीभाडं वेगळं.

मशीन दिसायला नवरीवानी. ताजा हिरवा रंग, बेडवर (टेबल ज्यावर सरकतं त्या पायावर) स्क्रॅपिंगची, म्हणजे खरवडून काढलेली चंद्रकोरी नक्षी. नक्षी शाबूत म्हणजे बेड झिजला नाही, एवढंच माझं ज्ञान. झिजलेल्या बेडवरही अशी नक्षी वरवर उठवून देतात, हे मला कुठं माहीत!

मोटर चालू केली, आवाज एकदम गोड. (गिअरबॉक्समध्ये तेलाऐवजी ग्रीस कोंबलं होतं. घरी झाकण उघडलं तर एका गिअरचे दोन दात गायब.) काम बांधायचं टेबल मधल्या भागात लोण्यासारखं सरकत होतं, टोकाकडं नेलं की अडकायचं.

व्यापारी म्हणे, "काहून जोर लावता भाऊ? पडून होती ना, जाम झाली. तेल पाजा, होते मोकळी."

मला पटलं. तिथूनच परत फिरायला पाहिजे होतं. टेबल जास्त करून मधेच चालतं, म्हणून झिजतंही मधेच. तो ढिलेपणा लपवायला त्यानं गिब (टेबल घट्ट-सैल करायची पट्टी) कसून ठेवली होती. न झिजलेली टोकं अडकणारच.

अंबाझरीच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले एक फिटर काका आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी गिब सैल केली, टेबल मधे आणलं, डायल इंडिकेटर (बारीक हालचाल मोजायचं काट्याचं घड्याळ) लावला आणि टेबल हातानं हलवलं. काटा ३० घरं सरकला, म्हणजे ०.३० मिलिमीटर. टेबल सरकवायच्या हँडलचा पाव फेरा रिकामाच जायचा. ५ मिलिमीटर पिचच्या स्क्रूवर सव्वा मिलिमीटर! मग एका कोपऱ्यातला रंग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडला. आत लांबी, लांबीखाली ब्रेझिंग करून (पितळ वितळवून) बुजवलेला तडा. काका काही बोलले नाहीत, चहा पिऊन गेले.

व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणे, "चिठ्ठीवर लिहून दिलं ना, जशी आहे तशी." जीएसटी वाचवायला पक्कं बिल मीच नको म्हटलं होतं. पोटापाण्याच्या धंद्यासाठी स्वतः चालवायला घेतलेल्या मशीनची तक्रारही ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत करता येते, असं वकिलांनी सांगितलं. पण माझ्या चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना सही, आणि पैसे रोख मोजलेले.

गिअर नवा पाडून घेतला. बेड ग्राइंडिंगचे पैसे सध्या नाहीत. तोवर टेबल पार एका टोकाला नेऊन, जिथं ते अजून झिजलं नाही, तिथंच की-वे पाडतो.