आठ सेन्सरचा अ‍ॅनालॉग आयआर अ‍ॅरे: लाइन फॉलोअरवाल्यांनो घ्या, पण उंची मापूनच लावा

कॉलेजच्या ज्युनिअर पोरांच्या लाइन फॉलोअर बॉटला (मॅटवरची काळी लाइन धरून आपोआप पळणारा रोबो) यंदा आयआर म्हणजे न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली टाकून परत किती येतो ते मोजणारी आठ चॅनेलची अ‍ॅनालॉग पट्टी लावलीय, पोलोलूच्या क्यूटीआर-८ए सारखी पण बिनब्रँडची. आधी पाच सेन्सरचं डिजिटल मॉड्यूल होतं, स्क्रू फिरवून सेट करायचं तेच. दोन्हीत फरक किती म्हणाल तर विषय हार्ड आहे.

डिजिटलवालं फक्त काळं का पांढरं एवढंच सांगतंय. म्हणजे लाइन सरकतीय हे बॉटला कळतच नाही, डायरेक्ट शेजारचा सेन्सर पेटला की एरर (लाइन मधल्यापासनं किती सरकली ते) उडी मारतो आणि बॉट दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, मग तुम्ही केपी केडी (एररला किती आणि एररच्या बदलाला किती जोरात वळायचं ते आकडे) कितीबी बदला. अ‍ॅनालॉगमध्ये प्रत्येक सेन्सर ० ते १०२३ मधली व्हॅल्यू देतो, आठांची वेटेड सरासरी काढली की लाइन ० ते ७००० मध्ये नेमकी कुठं आहे ते मिळतं, मधला ३५००. आता एरर हळूहळू वाढतो, हळूहळू कमी होतो, त्यामुळं केडीला खरं काम मिळतं. ट्यूनिंग सरळ आहे, केडी शून्य ठेवून बॉट वळवळायला लागेपर्यंत केपी वाढवा, मग वळवळ थांबेपर्यंत केडी. आय (साचलेला एरर धरणारा तिसरा आकडा) आम्ही शून्यच ठेवलाय, काय अडलं नाही.

आता उंची. हे सेन्सर जमिनीपासनं ३ मिलिमीटरवर सगळ्यात भारी चालतात, ६ च्या वर गेलं की काळ्या-पांढऱ्यातला फरकच मरतो. पोरांनी स्पेसर लावून चांगला बोटभर वर टांगलेला आणि वर कोडला शिव्या! शेवटी उद्यमनगरातनं अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवून आणली, खाचा लांबट पाडून घेतल्या म्हणजे वरखाली करता येतं. भोक गोल पाडू नका बघा.

दुसरं म्हणजे ऊन. हॉलच्या खिडकीतनं दुपारचं ऊन मॅटवर आलं की त्यातल्या आयआरनं सेन्सर आंधळे होतात, त्यात मॅट फ्लेक्सची, चकचकीत, काळी लाइन पण चमकती. पट्टीच्या कडेनं काळ्या टेपची झालर लावा आणि कॅलिब्रेशन (सेन्सरला काळं-पांढरं ओळखायला शिकवणं) रनच्या आधी त्याच मॅटवर करा, घरच्या फरशीवरचं तिथं चालत नाही.

पिनांचा घोळ वेगळाच. आर्डुइनो ऊनो या कंट्रोलर बोर्डाला अ‍ॅनालॉग पिना ६ च, म्हणून त्याचाच छोटा भाऊ नॅनो घेतला, त्याला ८ आहेत. पण मग एकाला एमपीयू-६०५० जायरो (बॉट किती वळला ते मोजणारा सेन्सर) बसवायची हौस आली, आणि त्याची आयटूसी (डेटाच्या दोन तारा) जाती ए४ ए५ वर, म्हणजे परत सहाच उरल्या. ज्यांना दोन्ही पाहिजे त्यांनी आरसीवाली पट्टी (व्होल्टेजऐवजी वेळ मोजून व्हॅल्यू काढायची ती) घ्यावी, ती डिजिटल पिनांवर चालती. माझं मत विचाराल तर लाइन फॉलोअरला जायरो नकोच, त्या पैशात एनकोडरवाल्या (चाक किती फिरलं ते मोजणाऱ्या) एन-२० छोट्या मोटरी घ्या. कारण टू-सेल लिपो बॅटरी फुल असताना ८.४ व्होल्ट देती आणि वापरता वापरता उतरत जाती, त्याच पीडब्ल्यूएमला (कोडमधनं मोटरीला दिलेला पॉवरचा आकडा) चाक हळू पडतं आणि सकाळी सेट केलेलं ट्यूनिंग दुपारी पार गंडतं. एनकोडर असला की चाकाचा स्पीड आतल्या आत धरून ठेवता येतो, लाइनचा पीडी (केपी-केडीचं गणित) त्याच्यावर बसवायचा.

क्वालिटीचं म्हणाल तर हेडर पिना सोल्डर न करता पिशवीत येतात, ते चालतंय. पण आमच्यातल्या एका पट्टीत एक एमिटर (आयआर सोडणारा एलईडी) मेलेला निघाला, दुकानदार म्हणतोय टेस्ट केलेलाच माल आहे. मोबाईलचा सेल्फी कॅमेरा पट्टीवर धरला, बाकीचे जांभळे दिसतात आणि तो एकटा काळा, तिथंच त्याला दाखवलं तवा गप बदलून दिली. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा आयआर फिल्टर असतो, म्हणून सेल्फीचाच धरा, आणि काउंटरवरच ५ व्होल्ट देऊन बघा.

पाचात चार स्टार, एक त्या मेलेल्या एमिटरचा कापला.